विजयदुर्गची पिवळी रेषा आणि आठवीतला अणू

इयत्ता आठवीच्या विज्ञानात ‘अणूचे अंतरंग’ नावाचा पाठ आहे. देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत तो मी बरीच वर्षे शिकवत आले आहे, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत मी तो नीट शिकवला नाही, हे आता मला स्पष्ट दिसते. डाल्टन यांनी अणू अविभाज्य मानला, थॉमसन यांनी त्यात इलेक्ट्रॉन दाखवले, रुदरफोर्ड यांनी थॉमसन यांचे खोडले, बोर यांनी रुदरफोर्ड यांचे सुधारले, अशा क्रमाने मी फळ्यावर चार आकृत्या काढत असे आणि प्रत्येकीखाली ‘त्रुटी’ असा मथळा देऊन दोन-तीन मुद्दे लिहून देत असे. मुले ते मुद्दे पाठ करत आणि परीक्षेत गुण मिळवत. त्यांच्या मनात मात्र अणूची गोष्ट म्हणजे चुकलेल्या माणसांची रांग, एवढेच उरत असे. एके वर्षी पाठ संपवताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, आधीची तिन्ही चुकीची निघाली, म्हणजे बोरचेही चुकीचेच असणार. मग ते आम्ही कशाला शिकायचे?” तिच्या शेजारच्या मुलाने हळूच घरच्या बोलीत भर घातली, “आणि ह्यां कोणी बघल्यान?” त्या दिवशी मला दोघांनाही समाधानकारक उत्तर देता आले नाही. त्यानंतर हा पाठ मी या दोन प्रश्नांभोवतीच रचत गेले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकाबाहेर सापडले. आमच्या वर्गातली बरीच मुले मासेमारी करणाऱ्या घरांतली आहेत आणि भरतीची वेळ काढण्याचा पाऊणपटीचा हिशेब त्यांनी घरात ऐकलेला असतो. पक्षातली तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी, आणि जो आकडा येईल तितक्या वाजता समुद्र पूर्ण भरलेला असेल असे धरावे. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ठिकाणागणिक थोडे मागेपुढे होते, पण हिशेब कामाचा आहे. मी मुलांना पक्षातल्या सगळ्या तिथींचे कोष्टक करायला सांगितले. चतुर्दशीला साडेदहा आले, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदेला पाऊण. इथे मुले थबकली, कारण रोज पाऊण तासाने पुढे सरकणारी भरती त्या एका दिवसात दीड तास पुढे गेली होती आणि समुद्र अशी उडी मारत नाही, हे त्यांच्याइतके पक्के कोणालाच ठाऊक नाही. मग आम्ही कारण शोधले. पंधरा तिथींत भरतीची वेळ घड्याळाचा पूर्ण फेरा, म्हणजे बारा तास, पुढे जाते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे पडतात. हिशेबात ४५ च धरलेली असतात. दर तिथीला तीन मिनिटांची चूक साचत जाते आणि पंधरवड्याच्या सांध्यावर ती पाऊण तास होऊन एकदम बाहेर पडते.

“मग हा हिशेब टाकून द्यायचा का?” असे विचारल्यावर वर्गातून एकमुखाने नकार आला, कारण घरची होडी त्याच हिशेबावर बाहेर पडत होती. प्रारूप (मॉडेल) म्हणजे काय, हे मला त्या तासाला वेगळे सांगावे लागले नाही. त्या हिशेबात चंद्राच्या ओढीचा उल्लेखही नाही, तरी तो बहुतेक दिवस बरोबर वेळ देतो, आणि तो कोणत्या दिवशी फाटतो व का फाटतो हेही आपण सांगू शकतो. त्या दिवसापासून आमच्या वह्यांत प्रत्येक अणुप्रारूपाखाली ‘त्रुटी’च्या आधी आणखी दोन मथळे येतात: ‘हे कशासाठी सुचले’ आणि ‘हे कुठपर्यंत चालते’. ‘त्रुटी’ मी काढून टाकलेला नाही, कारण परीक्षेत तो प्रश्न येतो आणि मुलांचे गुण माझ्या प्रयोगापायी जाऊ नयेत.

डाल्टन यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही. कार्बनच्या दोन ऑक्साइडांत तेवढ्याच कार्बनशी जोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचे वस्तुमान एकात दुसऱ्याच्या नेमके दुप्पट का असते, या प्रकारच्या प्रश्नांना १८०८ साली त्यांनी जे उत्तर मांडले, त्याला अणूच्या आत डोकावण्याची गरजच नव्हती; अखंड गोळ्यांनी काम भागत होते. रासायनिक समीकरण संतुलित करताना आपण आजही त्याच गोळ्यांनी मोजतो.

थॉमसन यांच्यापाशी मात्र मला नेहमी थांबावेसे वाटते, कारण त्यांच्यावर शाळांतून सर्वांत जास्त अन्याय होतो. १८९७ साली ऋण किरणांच्या, म्हणजे हवा काढलेल्या काचेच्या नळीत धातूच्या ऋण पट्टीकडून निघणाऱ्या किरणांच्या, प्रयोगांतून त्यांच्या हाती हायड्रोजनच्या अणूच्या हजाराव्या हिश्श्याहूनही हलका, ऋणप्रभारित कण लागला, आणि धातू कोणताही असो, नळीतला वायू कोणताही असो, कण तोच निघत होता. अणू तर विद्युतदृष्ट्या उदासीन. मग त्यात धनप्रभारही तेवढाच असला पाहिजे. तो कसा पसरला असेल, याचे सर्वांत साधे उत्तर त्यांनी घेतले, ते म्हणजे सगळीकडे सारखा. याला प्लम पुडिंग हे नाव त्यांनी स्वतः दिलेले नाही आणि आमच्या मुलांनी तो पदार्थ कधी पाहिलेलाही नसतो. म्हणून मी धोंडसाचे उदाहरण देते. तवसाचा (मोठ्या काकडीचा) कीस, तांदळाचा रवा आणि गूळ यांचे एकजीव झालेले धोंडस म्हणजे धनप्रभार, आणि त्यात विखुरलेले काजूचे तुकडे म्हणजे इलेक्ट्रॉन. उदाहरण मुलांना लगेच पटते, आणि नेमके म्हणूनच ते तिथे सोडून चालत नाही. धोंडसातले काजू जिथे रुतले तिथेच राहतात. थॉमसन यांच्या १९०४ च्या प्रारूपातले इलेक्ट्रॉन धनप्रभाराच्या गोलात कड्या करून फिरत होते, आणि कोणत्या कडीत किती इलेक्ट्रॉन टिकतील याचे त्यांनी कष्टपूर्वक गणित केले होते. मूलद्रव्यांचे गुणधर्म ठराविक अंतराने पुन्हा का येतात, याचे उत्तर त्या कड्यांत मिळेल अशी त्यांची आशा होती.

त्यांनी स्वतः ज्या प्रयोगाचा आधार घेतला होता, तो आम्ही वर्गात करतो. शिवणाच्या सुया एकाच बाजूने चुंबकावर घासून घ्यायच्या, थर्मोकोलच्या लहान तुकड्यांत उभ्या खोचायच्या, परातीतल्या पाण्यावर सोडायच्या आणि वरून एक जाड चुंबक योग्य बाजूने धरायचा. सुया एकमेकींना दूर लोटतात आणि वरचा चुंबक त्यांना मध्याकडे ओढतो. तीन सुयांचा त्रिकोण होतो, चारांचा चौकोन. सहावी सुई सोडली की बहुधा एक सुई मध्ये जाते आणि पाच तिच्याभोवती कडे करतात. कोणी न सांगता परातीत उभी राहिलेली ती आतली आणि बाहेरची कडी पाहताना मुले जशी गप्प होतात, तशी मी एरवी क्वचितच गप्प करू शकते. ज्याच्या प्रारूपात असे काही दिसत होते, त्या माणसाला ‘चुकलेला’ एवढ्यावर निकालात काढावे असे त्यानंतर कोणाच्या मनात येत नाही.

“कोणी बघितले?” हा प्रश्न रुदरफोर्ड यांच्या तासाला येतो, आणि त्यासाठी मी दोन सलग तास मागून घेते. आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेट्या आमच्याकडे मे महिन्यानंतर हव्या तितक्या मिळतात. त्यांतला मोठा सपाट तुकडा चार काडेपेट्यांवर आडवा ठेवायचा, म्हणजे जमीन आणि पुठ्ठा यांच्यात गोटी जाईल एवढी फट राहते. मुले बाहेर गेलेली असताना मी पुठ्ठ्याखाली काहीतरी चिकटवून ठेवते: कुठे जांभ्या दगडाचा तुकडा, कुठे लाकडी त्रिकोण, कुठे नुसता एक बारीक खडा. मुलांनी एका बाजूने गोट्या सोडायच्या, त्या कुठून बाहेर पडतात ते पाहून पुठ्ठ्यावर खडूने रेघा ओढायच्या आणि आत काय आहे ते सांगायचे. वाकून पाहायचे नाही. ज्या गटाला बारीक खडा मिळतो, त्याची मला सर्वांत जास्त काळजी असते. तीस-चाळीस गोट्या सरळ पार जातात, मुलांना वाटते आत काहीच नाही, ती कंटाळतात, आणि मग एखादी गोटी खटकन परत येते. एका वर्षी त्या गटातल्या मुलाने ती परत आलेली गोटी वहीत लिहिलीच नाही, कारण त्याच्या मते ती ‘चुकून’ आली होती. त्या एका वाक्यावर मी पुढचा सगळा तास घेतला.

मँचेस्टरमध्ये १९०९ साली गायगर आणि वीस वर्षांचे विद्यार्थी मार्सडेन यांनी तशाच ‘चुकून’ येणाऱ्या कणांची मोजणी केली होती. पूर्ण अंधाऱ्या खोलीत बसून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून निघणारा धनप्रभारित कण) आदळला की उमटणारा प्रकाशाचा बारीक ठिपका सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी टिपायचा, हे त्यांचे काम. डोळा अंधाराला सरावायला वेळ लागतो, हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. रात्री होडीवर दिवा पेटता असेल तर बाहेरचे पाणी दिसत नाही, हे त्यांनी अनुभवलेले असते. ०.००००४ सेंटिमीटर जाडीच्या सोन्याच्या वर्खातून जाताना सुमारे वीस हजारांत एक कण काटकोनात वळत होता. धनप्रभार धोंडसासारखा पसरलेला असता तर एका टकरीत इतके वळणे शक्य नव्हते, आणि लहान लहान वळणांची बेरीज होऊन तेवढे वळण व्हावे याची शक्यता हिशेबात जवळजवळ शून्य येत होती. प्रभार अणूच्या मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेला आहे, असा या आकड्यांचा अर्थ लावून रुदरफोर्ड यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला तो १९११ साली. मधली दोन वर्षे मी मुलांना आवर्जून सांगते, कारण पाठात प्रयोग आणि निष्कर्ष एकाच पानावर असतात आणि त्यामुळे सगळे एका दुपारी घडले असे वाटते. त्या निबंधात मध्यभागीचा प्रभार धन आहे की ऋण, हेही त्यांनी ठामपणे सांगितलेले नव्हते. हिशेब दोन्ही प्रकारे सारखाच येत होता.

आमच्या प्रयोगाची मर्यादाही मी मुलांकडूनच काढून घेते. गोटी खड्याला प्रत्यक्ष आपटून वळते. अल्फा कण केंद्रकाला न शिवता, धनप्रभाराच्या प्रतिकर्षणाने दुरूनच वळतो. शेवटी सगळे गट आपापली आकृती पूर्ण करतात आणि एकच मागणी येते, “बाई, आता पुठ्ठा उचला.” मी तो उचलत नाही. पहिल्या वर्षी मुले रुसली होती, आणि त्या संध्याकाळी मलाही आपण फार कठोर वागलो असे वाटत राहिले. पण रुदरफोर्ड यांनाही पुठ्ठा उचलता आला नव्हता. त्यांच्या हाती होत्या त्या फक्त परत आलेल्या गोट्या. म्हणून आता शंका असेल तर आणखी गोट्या सोडा, कोन बदला, दुसऱ्या गटाला तुमच्या पुठ्ठ्यावर प्रयोग करू द्या, एवढेच मी सांगते. ‘ह्यां कोणी बघल्यान’ याला माझ्याकडे असलेले उत्तर तेवढेच आहे, आणि पुठ्ठ्याशी दोन तास घालवलेल्या मुलांना ते पुरते.

त्यानंतर आम्ही मैदानावर जातो. अणूचा व्यास सुमारे १०⁻¹⁰ मीटर आणि केंद्रकाचा सुमारे १०⁻¹⁵ मीटर धरला, तर अणू केंद्रकाच्या लाखपट मोठा होतो. दोन मिलिमीटरचा मोहरीचा दाणा मैदानाच्या मध्यभागी ठेवला, तर अणूची कड चारी बाजूंना शंभर मीटरवर येते, म्हणजे कुंपण ओलांडून पलीकडच्या काजीच्या झाडांत. एक मुलगा तिथे जाऊन उभा राहतो आणि बाकीचे दाण्यापाशी. पुस्तकातल्या आकृतीत केंद्रक लिंबाएवढे असते, त्यामुळे हे चालणे मी कधीच गाळत नाही.

रुदरफोर्ड यांचे प्रारूप कुठे अडते, ते पुस्तकात दिलेले आहे: गोल फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा बाहेर टाकत केंद्रकात कोसळायला हवा. त्याला किती वेळ लागेल हे सांगितले की मुलांना त्याची धार कळते. जुन्या भौतिकशास्त्राने हायड्रोजनसाठी तो काळ सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाच्या आसपास येतो. म्हणजे त्या हिशेबाने ना हा फळा उरला असता, ना खडू.

बोर यांच्याकडे मी बाल्मर यांच्या वाटेने जाते. बाल्मर बाझल शहरात मुलींच्या शाळेत शिकवत असत, आणि साठीला आलेल्या या शिक्षकाने १८८५ साली हायड्रोजनच्या चार दृश्य वर्णरेषांच्या (त्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या रेषांच्या) तरंगलांबीच्या आकड्यांतून एक सूत्र शोधून काढले. आठवीच्या मुलांना ते सहज करता येते. ३, ४, ५ किंवा ६ यांपैकी एक संख्या घ्यावी, तिच्या वर्गाला त्याच वर्गातून ४ वजा करून भागावे आणि ३६४.६ ने गुणावे. तीनसाठी ९ भागिले ५, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटर, ही हायड्रोजनची तांबडी रेषा, चारसाठी ४८६.१, पाचसाठी ४३४, सहासाठी ४१०.२. मी मोजलेल्या तरंगलांब्या फळ्याच्या मागच्या बाजूला आधीच लिहून ठेवते आणि मुलांची उत्तरे आल्यावर फळा फिरवते. हे सूत्र खरे का ठरते, हे बाल्मर यांना माहीत नव्हते. आमच्या पाऊणपटीसारखेच ते होते. बोर यांनी १९१३ साली इलेक्ट्रॉनला ठराविक कक्षाच मोकळ्या आहेत, तिथे तो ऊर्जा न गमावता राहतो, आणि वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत येताना ऊर्जेतला फरक प्रकाश म्हणून बाहेर पडतो असे मानले, आणि त्यातून ते सूत्र आपोआप निघाले. इतकेच नव्हे, तर त्यातला स्थिरांकही इलेक्ट्रॉनचा प्रभार, त्याचे वस्तुमान आणि प्लांक यांचा स्थिरांक यांच्यापासून काढता आला.

रेषा प्रत्यक्ष दिसाव्यात म्हणून जुन्या सीडीचा तुकडा पुठ्ठ्याच्या डब्यात तिरका बसवून, समोर ब्लेडने बारीक फट पाडून आम्ही वर्णपटदर्शक बनवतो. साध्या दिव्याचा अखंड पट्टा आणि सीएफएलच्या तुटक रेषा त्यात छान दिसतात. स्पिरिटच्या दिव्यात मिठाचे पाणी लावलेली तार धरली की ज्योत गर्द पिवळी होते. तो सोडिअमचा प्रकाश, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या जोडरेषांचा. या पिवळ्यापाशी मला पोहोचायचे असते, कारण इथून विजयदुर्ग जवळ आहे.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबांचे कट्टे’ आहेत आणि १८ ऑगस्ट हा दिवस तिथे हेलियम दिवस म्हणून साजरा होतो. १८६८ साली त्या तारखेला खग्रास ग्रहण लागले होते आणि त्या दिवशी या कट्ट्यांवरून इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबांनी हेलियम शोधला, असे आमच्या भागात सांगितले जाते. मला हा किल्ला प्रिय आहे आणि म्हणूनच मुलांना मी नोंदी काय सांगतात ते नीट सांगते. त्या ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून देशात शिरला होता, पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन निरीक्षणासाठी गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. सूर्यज्वालांतली पिवळी रेषा त्या दिवशी अनेकांनी पाहिली आणि सोडिअमची समजली. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवर ती पकडली. ती सोडिअमच्या जोडरेषांच्या शेजारी, पण ५८७.६ नॅनोमीटरवर होती, आणि माहितीतल्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळत नव्हती. ज्या नव्या मूलद्रव्याची ती मानली गेली, तो हेलियम पृथ्वीवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना १८९५ साली एका खनिजातून मिळाला. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, वर्णपटाची छायाचित्रे घेणारी उपकरणे घेऊन, आणि मेल्पोमिनी या आरमारी जहाजावरच्या खलाशांनी त्यांना मदत केली. हे सांगितल्यावर काही मुलांचे चेहरे उतरतात. पण सूर्याच्या कडेचा प्रकाश चिरून पाहण्यासाठी माणसे जहाजाने आपल्या किल्ल्यावर आली होती, ही गोष्ट मला तरी जराही कमी मोलाची वाटत नाही.

किल्ल्यावर, त्या कट्ट्यांपाशी बसून, मी मुलांना पाठाबाहेरची एक गोष्ट सांगते. बोर यांचे प्रारूप हायड्रोजनच्या रेषा नेमक्या देते. पण ज्या पिवळ्या रेषेसाठी आपण इथे जमतो, ती ते देऊ शकत नाही. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन आहेत, ते केंद्रकाकडे ओढले जातात तसे एकमेकांना लोटतातही, आणि ठराविक कक्षांचा हिशेब तिथे फाटतो. बोर आणि इतरांनी दहा-बारा वर्षे खटपट केली. ती रेषा नीट उलगडली १९२६ साली, हायझेनबर्ग यांनी नव्या पुंजयामिकीने (क्वांटम मेकॅनिक्सने) दोन्ही इलेक्ट्रॉनांचा एकत्र विचार केला तेव्हा. त्या अणूत कक्षा नाहीत; इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते.

गेल्या वर्षी सहलीनंतर वह्या तपासताना एका मुलीने बोर यांच्या आकृतीखाली, ‘हे कुठपर्यंत चालते’ या मथळ्यात, एकच ओळ लिहिलेली दिसली: ‘हेलियमला लागू नाही.’ ओळ जवळजवळ बरोबर होती, पण पूर्ण बरोबर नव्हती, म्हणून मी तिला बोलावून फाउलर यांची हकीकत सांगितली. फाउलर हे लॉकियर यांच्याच हाताखाली तयार झालेले वर्णपटतज्ज्ञ. हायड्रोजन आणि हेलियम यांच्या मिश्रणात त्यांना मिळालेल्या काही रेषा ते हायड्रोजनच्या समजत होते. बोर यांचे म्हणणे पडले की त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. फाउलर यांनी हरकत घेतली की तसे असेल तर हेलियमच्या आणि हायड्रोजनच्या सूत्रांतल्या स्थिरांकांचे गुणोत्तर बरोबर ४ यायला हवे, आणि मोजमाप त्याहून किंचित जास्त येते. बोर यांनी केंद्रकही थोडे हलते हे धरून पुन्हा हिशेब केला आणि उत्तर आले ४.००१६३. फाउलर यांनी ते मान्य केले. मुलीने वही उघडली, आधीची ओळ न खोडता तिच्यापुढे कंसात लिहिले: ‘दोन्ही इलेक्ट्रॉन असताना. एक गेला तर लागू.’ मग तिने मला विचारले की लिथियमचे दोन गेले तर काय होईल, आणि आम्ही दोघींनी मिळून ते गणित मांडायला घेतले.